नवा प्रोसेसर, नवं ग्राफिक कार्ड, बोर्ड मात्र जुनाच

आमच्या घरचा पीसी मी २०१९ मध्ये जोडला. रायझन ५ २६००, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम आणि जीटीएक्स १०६० सहा जीबीवालं ग्राफिक कार्ड, म्हणजे त्या वेळी मध्यमवर्गीय घराच्या बजेटात जे बसत होतं ते. लॉकडाऊनमध्ये ह्याच डब्यावर माझं ऑफिस, धाकट्या भावाचं कॉलेज आणि आईचं व्हिडिओ कॉलवरचं भजनी मंडळ असं सगळं चाललं, त्यामुळे त्याला नावं ठेवायची हिंमत नाही होत. पण २०२५ मध्ये दोन गोष्टी झाल्या. एक तर एनव्हिडियाने जाहीरच करून टाकलं की ऑक्टोबरनंतर मॅक्सवेल आणि पास्कल पिढीच्या कार्डांना गेमसाठीचे नवे ड्रायव्हर बंद, २०२८ पर्यंत दर तिमाहीला फक्त सुरक्षेपुरते अपडेट, आणि माझं १०६० पास्कलच. दुसरं म्हणजे काही नवे गेम आता रे ट्रेसिंगचं (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या काढायचं) हार्डवेअर असल्याशिवाय सुरूच होत नाहीत, डिसेंबर २०२४ चा इंडियाना जोन्स घ्या की मे २०२५ चा डूम घ्या, दोघांची अट तीच. हळू चालतं तोवर माणूस सेटिंग कमी करून भागवतो हो, सुरूच होत नाही तिथे काय करणार.

मग नेहमीप्रमाणे ग्रुपवर विचारलं, आणि नेहमीप्रमाणे निम्म्यांनी सांगितलं की "काऊन त्या डब्यात पैसे घालतो बे, सगळं नवीनच घे." म्हणजे एएम५ सॉकेट (एएमडीच्या प्रोसेसरची बोर्डावर बसायची नवी जागा, माझी जुनी एएम४), डीडीआर५ रॅम, सगळं. ऐकायला बरं वाटतं, पण एएम५ वर जायचं म्हणजे प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम तिन्ही एकदम बदलायचे, कारण एएम५ ला डीडीआर४, म्हणजे माझ्याकडची जुनी रॅम, चालतच नाही, आणि २०२५ च्या शेवटाकडे एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली तसे रॅमचे भाव असे भडकले की बोर्डाचे पैसे एकीकडे आणि रॅमचे एकीकडे ठेवले तर हसू यावं. माझ्याकडच्या दोन स्टिक ३२०० मेगाहर्ट्झच्या, धडधाकट, त्यांना काढून टाकायचं कारणच नव्हतं. म्हणून ठरवलं की बोर्ड, रॅम, कॅबिनेट, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) जिथे आहेत तिथेच ठेवायचे आणि फक्त प्रोसेसर आणि कार्ड बदलायचं, आणि ह्या उरलेल्या जुन्या मंडळींना काय झेपतं ते बघूनच नवीन वस्तू निवडायची. माझ्या मते अपग्रेडचं खरं काम हेच आहे. बेंचमार्कचे व्हिडिओ सगळेच बघतात, पण त्या व्हिडिओतला बोर्ड, एसएमपीएस आणि खोली आपली नसते.

खरेदीच्या आधी एक गोष्ट मात्र कराच, अडतंय नक्की कोणामुळे ते बघा. आफ्टरबर्नर नावाचं सॉफ्टवेअर टाकायचं, स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे दिसतील असं करायचं आणि आपण नेहमी खेळतो तोच गेम अर्धा तास खेळायचा. ग्राफिक कार्डचा वापर ९७-९९ टक्के दिसत असेल तर कार्ड दमलंय. कार्ड ६०-७० वर आरामात आहे आणि तरी फ्रेम (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढत नाहीत, तर प्रोसेसर मागे पडतोय. इथे लोक हमखास फसतात, कारण टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ४० टक्केच दिसतो आणि वाटतं की हा तर रिकामाच आहे. तो ४० टक्के सगळ्या थ्रेडचा (प्रोसेसर एकाच वेळी चालवतो त्या कामाच्या धाग्यांचा) सरासरी आकडा असतो. गेमचं मुख्य काम बऱ्याचदा एकदोन थ्रेडवरच चालतं, पंगतीत वाढपी सहा आहेत पण वरणाची बादली एकाच्याच हातात असली की सगळी पंगत त्याच्यासाठीच खोळंबते, तसलं हे प्रकरण. अजून एक सोपी टेस्ट म्हणजे रिझोल्यूशन मुद्दाम ७२० वर आणायचं. फ्रेम धडाधड वाढल्या तर कार्डाचा दोष, जिथल्या तिथे राहिल्या तर प्रोसेसरचा.

माझ्याकडे दोन्ही होतं. मोठ्या गेममध्ये कार्ड ९९ वर आणि काउंटर स्ट्राइक २ मध्ये कार्ड निवांत, प्रोसेसर घामाघूम. २६०० च्या आत सहा कोर आहेत खरे पण ते तीन-तीनच्या दोन गटांत विभागलेले, प्रत्येक गटाला आपापली ८ एमबी कॅशे (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी), आणि एका गटाला दुसऱ्याकडचं काही लागलं की वेळ जातो. ५००० च्या पिढीत, म्हणजे झेन ३ मध्ये, आठही कोर एकाच गटात आले आणि सगळ्यांना मिळून ३२ एमबी कॅशे. गेममध्ये मधेच जो झटका बसतो ना, सरासरी फ्रेम १२० पण मान वळवली की क्षणभर अडकल्यासारखं, त्याच्यावर ह्या बदलाचा फार फरक पडतो.

बोर्डावर ५००० चा प्रोसेसर चालेल की नाही हा पुढचा प्रश्न, आणि ह्याची पण एक गंमत आहे. मे २०२० मध्ये एएमडीने सांगितलं होतं की झेन ३ फक्त ५०० सिरीजच्या बोर्डांवर चालणार, बी४५० आणि एक्स४७० वाल्यांनी विसरा. कारण दिलं बायोसच्या (बोर्ड सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) चिपचं, त्या पिढीच्या बहुतेक बोर्डांवर बायोससाठी १६ एमबीचीच चिप, तिच्यात पहिल्या रायझनपासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांचा कोड मावत नाही. लोकांनी इतका गोंधळ घातला की त्याच महिन्यात कंपनीने माघार घेतली आणि ४०० सिरीजला पण सपोर्ट देऊ म्हणाली. जागा करायला काही बोर्ड कंपन्यांनी जुने ए सिरीजचे प्रोसेसर यादीतून काढले, बायोसचा चकचकीत मेनू काढून साधा केला. म्हणजे आज जे लोक पाच-सहा वर्षांच्या बोर्डात नवा प्रोसेसर बसवताहेत ते त्या वेळी भांडलेल्या लोकांच्या जिवावर. ग्राहकांच्या ओरडण्याने काही होत नाही म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो.

नागपुरात बर्डीवरच्या एका दुकानात मी ५७००एक्स ह्या ५००० च्या पिढीतल्या प्रोसेसरबद्दल विचारलं तर त्यांनी ठामपणे सांगितलं, "भाऊ, बी४५० वर ५७००एक्स नाही चालत, बोर्ड बदलावाच लागते, चांगला लावून देतो." मी मोबाइलवर बोर्ड कंपनीची साइट उघडून दाखवली, तिथे प्रत्येक मॉडेलच्या पानावर सपोर्ट होणाऱ्या प्रोसेसरची यादी असते आणि समोर किमान कोणतं बायोस पाहिजे ते लिहिलेलं असतं. भाऊंनी बघितलं आणि विषय बदलला. तुम्ही पण ती यादी बघूनच निघा, आणि बोर्डावर छापलेला रिव्हिजन नंबर पण बघा, एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन रिव्हिजनचे बायोस वेगळे असू शकतात.

प्रोसेसरमध्ये मनात एक्स३डी होता. त्यात कॅशेचा अजून एक ६४ एमबीचा थर चिपच्या वर चढवलेला असतो, एकूण ९६ एमबी, आणि गेमिंगला तो एएम४ वरचा राजा आहे ह्यात वाद नाही. पण ५८००एक्स३डी २०२४ मध्येच बंद झाला, आणि ५७००एक्स३डी जिथे सापडला तिथे भाव ऐकून परत फिरलो. शेवटी साधा ५७००एक्स घेतला, आठ कोर, सोळा थ्रेड, ६५ वॉटचा. फक्त गेमच खेळायचे असते तर ५६०० पण पुरला असता, पण माझं कोड कंपाइल करायचं काम असतं आणि धाकटा व्हिडिओ एडिट करतो, दोन कोर जास्तीचे कामी येतात. ५६०० च्या बॉक्समध्ये कूलर येतो, ५७००एक्स च्या बॉक्समध्ये येत नाही, हा खर्च हिशोबात धरा.

कार्डावर जास्त डोकं घातलं, कारण इथे जुन्या बोर्डाची एक मेख आहे जी दुकानदार सांगत नाही आणि बरेच व्हिडिओवाले पण सांगत नाहीत. बी४५० चा कार्ड बसवायचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस ३.० आहे आणि प्रोसेसर कितीही नवा घातला तरी तो ३.० च राहतो. त्यात बिघडत काही नाही, १६ लेनवर (लेन म्हणजे डेटा जायची एक वाट) सुमारे १६ जीबी दर सेकंदाला जातात, भरपूर झाले. पण आता मधल्या रेंजची बरीच कार्डं आठच लेन वापरतात. आरटीएक्स ४०६० आठ लेनचं, ५०६० टीआय पण आठ लेनचं, कनेक्टर पूर्ण लांबीचा दिसतो पण आत जोडणी अर्धीच. नव्या बोर्डावर ४.० किंवा ५.० चा वेग असल्यामुळे आठ लेन पुरून उरतात, ३.० वर मात्र तीच वाट निम्मी किंवा पावपट होते. कार्डाची स्वतःची मेमरी पुरतेय तोपर्यंत तुम्हाला काही जाणवणार नाही, पण आठ जीबीचं कार्ड भरलं आणि ते सिस्टमच्या रॅमकडून उसनं आणायला लागलं की त्या अरुंद वाटेवर गर्दी होते. सगळ्यात वाईट उदाहरण आरएक्स ६५०० एक्सटी, फक्त चार लेन आणि चार जीबी, जुन्या बोर्डवाल्याने ते फुकट मिळालं तरच घ्यावं.

म्हणून मी आरएक्स ९०६० एक्सटी घेतलं, जून २०२५ मध्ये आलेलं, १६ जीबीवालं, आणि मुख्य म्हणजे पूर्ण १६ लेनचं. त्याच नावाने आठ जीबीवालं पण मिळतं, बॉक्स जवळजवळ सारखा, बिलावर किती जीबी ते नीट वाचा. एनव्हिडियाचं डीएलएसएस (एआयने फ्रेम वाढवणारं तंत्र), आणि ब्लेंडरसारख्या थ्रीडी सॉफ्टवेअरमधला सपोर्ट अजूनही सरस आहे हे मान्य, थ्रीडीचं काम करणाऱ्याने ५०६० टीआय १६ जीबी घेतलं तर मी त्याला वेड्यात काढणार नाही. मला गेम आणि थोडं व्हिडिओ एन्कोडिंग एवढंच पाहिजे होतं, आणि एव्ही१ ह्या नव्या व्हिडिओ फॉरमॅटचं एन्कोड ह्यात पण आहे.

किमतीचं म्हणाल तर अमेरिकेत ३४९ डॉलर जाहीर झाली होती. लगेच गुणाकार करून "तीस हजार" म्हणून खूश होऊ नका. तिकडची किंमत टॅक्सशिवाय सांगतात, इकडे १८ टक्के जीएसटी लावला की साडेपस्तीस होतात, आणि त्याच्यावर आयात करणारा, डिस्ट्रिब्युटर, दुकानदार ह्यांचं मार्जिन. कार्ड मी मुंबईहून मागवलं, मामेभाऊ डोंबिवलीला असतो, त्याला ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला पाठवलं. त्याला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या, बिल जीएसटीचं पक्कं घे आणि बॉक्सवरचा सिरीयल नंबर बिलावर लिहून घे. दुकानांदुकानांत दोन-तीन हजारांचा फरक सहज निघतो तिथे, दमाने फिरणारा माणूस पाहिजे. तो फिरला, मधे वडापाव खाल्ला त्याचे पैसे पण मी दिले.

एसएमपीएस माझा ५५० वॉटचा, ब्रॉन्झ रेटिंगचा, त्यामुळे वाचलो. हे कार्ड १६० वॉटचं, कंपनी स्वतः ४५० वॉटचा सप्लाय पुरे म्हणते. एक आठ पिनवाली केबल लागते, स्लॉटमधून ७५ आणि त्या केबलमधून १५० वॉटपर्यंत मिळतात म्हणजे भरपूर झाले. पण ज्यांनी पीसी घेताना कॅबिनेटबरोबर "फ्री" आलेला एसएमपीएस वापरलाय त्यांनी आधी तो बदला आणि मग कार्डाचं बघा, वर ५०० वॉट छापलेलं असतं आणि बाजूचं स्टिकर वाचलं की १२ व्होल्टवर किती अँपिअर आहेत ते बघून डोळे उघडतात, १२ ला त्या अँपिअरने गुणा, कार्ड आणि प्रोसेसरला खरे तेवढेच वॉट. आणि ब्रॉन्झ, गोल्ड ही विजेच्या कार्यक्षमतेची रेटिंग, आतला माल टिकाऊ आहे की नाही ते त्यातून कळत नाही.

ज्याच्याकडे कोणी बघत नाही ती वस्तू म्हणजे यूपीएस. घरोघरी ६०० व्हीएचा असतो, त्याची खरी ताकद साधारण ३६० वॉट. जुना पीसी मॉनिटरसकट त्यात आरामात बसत होता. आता गेम चालू असताना प्रोसेसर ७६ वॉटपर्यंत, कार्ड १६०, बोर्ड-रॅम-पंखे-डिस्क, एसएमपीएसचं स्वतःचं नुकसान, वर मॉनिटर, काठावर येतं सगळं. लाईट असताना काही नाही, लाईट गेली की यूपीएस एकदा किंचाळतो आणि पीसी बंद, म्हणजे ज्याच्यासाठी घेतला तेच काम होत नाही. मी ११०० व्हीएचा घेतला. अपग्रेडच्या बजेटात हा आकडा पहिल्या दिवसापासून धरला होता म्हणून घरी बोलणी नाही बसली.

आता प्रत्यक्ष काम. माझा नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी बायोस, मग प्रोसेसर, दोन-चार दिवस वापरायचा, मग कार्ड. सगळं एकदम बदललं आणि स्क्रीन काळी राहिली तर शिव्या कोणाला घालायच्या तेच कळत नाही.

बायोस जुना प्रोसेसर आत असतानाच अपडेट करायचं, कारण जुन्या बायोसला नवा प्रोसेसर ओळखूच येत नाही. फाईल पेनड्राइव्हवर टाकायची, पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला पाहिजे, बायोसच्या मेनूतून फ्लॅश करायचं आणि तेवढा वेळ घरात कोणी मिक्सर, गिझर, पाण्याची मोटर काहीही लावायचं नाही असं मी जाहीर करून टाकलं. काही बोर्डांना फार जुन्या बायोसवरून थेट शेवटच्यावर उडी मारता येत नाही, मधली एक पायरी आधी टाकावी लागते, डाउनलोडच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. फ्लॅश झाल्यावर सगळ्या सेटिंग पहिल्यासारख्या होतात, एक्सएमपी (रॅम छापील वेगाने चालवायची सेटिंग) पण बंद होतं आणि ३२०० ची रॅम गपगुमान २१३३ वर किंवा २४०० वर चालायला लागते. कित्येक लोक वर्षानुवर्षं तशीच चालवतात, टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या टॅबवर वेग दिसतो, हे वाचताय तर आत्ताच बघून घ्या.

प्रोसेसर काढताना खरी धाकधूक असते. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, १३३१, केसासारख्या. कूलरखालची उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट वाळून सिमेंट झालेली असते आणि कूलर सरळ वर ओढला तर दांडी लॉक असताना सुद्धा प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरला चिकटून बाहेर येतो, पिना वाकतात. म्हणून मी आधी दहा-पंधरा मिनिटं पीसीवर लोड टाकून प्रोसेसर गरम केला, पेस्ट मऊ झाली, मग शटडाऊन करून लगेच, प्लग काढून, स्क्रू सोडवून कूलर डावीकडे-उजवीकडे हलक्या हाताने फिरवत फिरवत सुटा केला. अलगद आला. समजा एखादी पिन वाकलीच तर ०.५ ची पेन्सिल मिळते ना, शिसं टाकायची, तिचं रिकामं टोक पिनवर घालून सरळ करता येते, पण ते करायची वेळ न येईल तर बरं.

अजून एक, २६०० बरोबर येणारा छोटा कूलर चार स्क्रूंनी थेट मागच्या लोखंडी पट्टीत बसतो. चारही स्क्रू सुटले की ती पट्टी धरायला कोणी उरत नाही आणि ती बोर्डाच्या मागे पडते. ज्यांच्या कॅबिनेटला मागून खिडकी नाही त्यांना अख्खा बोर्ड काढावा लागेल. आमच्याला आहे, धाकटा मागून हात घालून पट्टी दाबून बसला आणि "दादा, हात भरला, लवकर कर ना" म्हणून कुरकुरत होता. नवा प्रोसेसर कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवून ठेवला की स्वतःच्या वजनाने बसतो, दाबायचा नसतो, जोर लावावासा वाटला म्हणजे काहीतरी चुकतंय. पेस्ट मधोमध वाटाण्याएवढी. ह्यावर लोक पानंच्या पानं भांडतात, थोडी जास्त झाली तर काही जग बुडत नाही.

पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन बराच वेळ काळी राहिली, पंखे फिरताहेत आणि काहीच नाही. घाबरून बटण दाबू नका, नवा प्रोसेसर बघून बोर्ड रॅमशी नव्याने जुळवून घेत असतो. मग एक इंग्रजी सूचना आली की नवा प्रोसेसर दिसतोय, एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षेच्या किल्ल्यांची तिजोरी) रीसेट करायचं का, वाय की एन. इथे थांबा. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल आणि तुम्ही वाय दाबलं तर विंडोज रिकव्हरी की मागणार, ती नसेल तर डेटा गेला समजा. विंडोज ११ च्या २४एच२ पासून नव्याने इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की एन्क्रिप्शन आपोआप चालू होऊ शकतं, त्यामुळे "मी तर कधी लावलंच नाही" असं म्हणू नका, प्रोसेसरला हात लावायच्या आधी की अकाउंटमधून काढून कागदावर लिहून ठेवा किंवा बिटलॉकर तात्पुरतं बंद करा. आमचं बंदच होतं, वाय दाबलं, पुढे गेलो.

कार्डाचं काम त्यामानाने सोपं. एनव्हिडियावरून एएमडीवर जायचं म्हणून सेफ मोडमध्ये डीडीयू नावाचं ड्रायव्हर पुसणारं टूल चालवून जुने ड्रायव्हर साफ केले, त्या वेळी इंटरनेट बंद ठेवलं, नाहीतर विंडोज अपडेट मधेच स्वतःचा ड्रायव्हर आणून बसवतं. जुनं कार्ड काढताना स्लॉटच्या टोकाचा खटका आधी दाबायचा, तो कार्डाच्या पोटाखाली लपलेला असतो, बोट पोचत नाही, आइस्क्रीमची काडी कामी येते, स्क्रूड्रायव्हर नको, घसरला तर बोर्डावर ओरखडा. मॉनिटरची केबल कार्डालाच लावा, ५७००एक्स मध्ये ग्राफिक नाही, बोर्डाच्या एचडीएमआयला लावून अंधारच दिसेल. आणि मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर कार्ड बदलल्यावर विंडोजमध्ये जाऊन बघा, बऱ्याचदा तो ६० वर येऊन बसलेला असतो.

राहिलं ते रिसायझेबल बार. ह्याने प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसते, नाहीतर २५६ एमबीच्या खिडकीतून बघावं लागतं. बी४५० वर नव्या बायोसमध्ये तो पर्याय येतो पण त्याच्यासाठी सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद करावं लागतं, आणि सीएसएम बंद केलं की ज्यांचं विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर आहे त्यांचं बूटच होत नाही. फॉरमॅट मारायची गरज नाही, विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाचं टूल आहे, बॅकअप घेऊन ते चालवायचं, मग बायोसमध्ये जाऊन सीएसएम बंद. त्यातून सिक्युअर बूटचा (फक्त खात्रीच्या सॉफ्टवेअरनेच पीसी सुरू होऊ देणाऱ्या सेटिंगचा) पण मार्ग मोकळा होतो, व्हॅलोरंट गेमला विंडोज ११ वर ते आणि टीपीएम दोन्ही लागतं, धाकट्याला आनंद त्याचाच जास्त झाला.

प्रोसेसरच्या कूलरबद्दल थोडं सविस्तर सांगतो कारण मी नागपूरचा आहे. मी टॉवरवाला एके४०० घेतला, १५५ मिमी उंच, आपल्या कॅबिनेटमध्ये किती उंचीचा बसतो ते आधी मोजा, नाहीतर काच लागत नाही. लोक म्हणाले ६५ वॉटच्या प्रोसेसरला एवढा कशाला, जुना छोटाच लाव. आता हे सल्ले देणारे व्हिडिओ कुठे बनतात, जिथे खोलीत २१-२२ डिग्री असतं तिथे. हवेवरच्या कूलिंगचा साधा हिशोब आहे, खोली जितकी तापेल साधारण तितकंच प्रोसेसरचं तापमान वर सरकतं. मे महिन्यात बाहेर ४५ आणि डेझर्ट कूलर लावून सुद्धा खोलीत ३४-३५, म्हणजे त्यांच्या ७० चे आमच्याकडे ८३ झाले, आणि ५७००एक्स ची मर्यादा ९०. काठावर पंखे असे ओरडतात की आई विचारते हे काय विमान आणलं घरात.

आणि डेझर्ट कूलरचं अजून एक आहे, त्याची हवा दमट. पीसी त्याच्या थेट झोतात ठेवला की गाळणीवर धूळ नुसती बसत नाही, लिंपली जाते, आणि बोअरचं जड पाणी असेल तर तो पांढरा थर पण येतो. आमचा पीसी म्हणूनच कूलरच्या समोरच्या भिंतीवरून काढून दाराच्या बाजूला नेला, हवा फिरते पण अंगावर येत नाही. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा, फुकट गरगर फिरवू नका. शिवाय बायोसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर म्हणून आहे, तिथे सगळ्या कोरला उणे २० दिलं, व्होल्टेज थोडं उतरतं, वेग तोच किंवा जरा जास्त आणि तापमान कमी. प्रत्येक चिपला उणे २० झेपेलच असं नाही, आपलं आपण पायरी-पायरीने खाली जायचं आणि पीसी अडखळला तर एक पायरी मागे यायचं.

फरक काय पडला, तर काउंटर स्ट्राइकमधले झटके गेले, हे प्रोसेसरने केलं, कार्ड यायच्या आधीच जाणवलं. मोठ्या गेममध्ये १०८० वर सेटिंग शोधत बसायची गरज उरली नाही, हाय लावायचं आणि खेळायचं. कंपाइलचा वेळ डोळ्याला दिसेल इतका उतरला. ब्राउझर, ऑफिसची कामं, व्हिडिओ कॉल, ह्यात शून्य फरक, ते आधीही बरंच चालत होतं. ज्यांचं काम तेवढंच आहे आणि पीसी हळू वाटतोय त्यांनी आधी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकावी.

जुन्या वस्तू पडून ठेवू नका, दिवसागणिक भाव उतरतो. २६०० आणि त्याचा छोटा कूलर अमरावतीच्या चुलतभावाला दिला, त्याच्याकडे ए३२० बोर्डावर चार कोरवाला होता. १०६० विकायला टाकलं तर घ्यायला एक कॉलेजचा मुलगा आला, वडिलांना घेऊन. कार्ड पीसीत लावून जीपीयू-झेड नावाचं कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून दाखवलं, आणि त्याला म्हटलं तू पुढे कुठेही सेकंडहँड घेशील तेव्हा हे बघूनच पैसे दे, कारण जुन्या जीटीएस ४५० कार्डाचं स्वतःचं बायोस बदलून ते १०५० टीआय म्हणून विकतात, विंडोजमध्ये नाव पण तेच दिसतं, जीपीयू-झेडमध्ये मात्र नावाआधी फेक असं येतं. आरएक्स ५८० २०४८एसपी नावाचं पण एक फिरतं, नाव ५८० चं आणि आत ५७० एवढेच कोर. ड्रायव्हर आता सुरक्षेपुरतेच येतील आणि कुठले गेम उघडणार नाहीत ते पण आधीच सांगितलं. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं, बॉक्स आहे का विचारलं, बॉक्स होता, तरी पाचशे कमी केले.